पायी चालणाऱ्याची मोजणी

गोंदियात रस्त्याचा विषय निघाला की चर्चा ठरलेल्या वळणाने जाते. रस्ता रुंद करा, अतिक्रमण काढा, पार्किंगची सोय करा, उड्डाणपूल बांधा. पायी आणि सायकलने जाणाऱ्यांचा विषय कुणी काढलाच, तर दोन उत्तरे मिळतात. पहिले, असे लोक आता उरलेत किती? ज्याला परवडते त्याने दुचाकी घेतली, उरलेलेही घेतील. दुसरे, त्यात अभ्यास करण्यासारखे काय आहे? जमेल तिथे फुटपाथ टाकावा, पर्यावरण दिनाला सायकल रॅली काढावी. सर्वेक्षणे आणि संगणकावरची प्रारूपे ही मेट्रोवाल्या शहरांची कामे. लाख-सव्वा लाख वस्तीच्या गावाला ती कशाला हवीत?

ही दोन्ही उत्तरे मला उथळ वाटतात. माझे म्हणणे असे आहे, की पायी जाणारा आणि सायकलस्वार रस्त्यावरून हटतो त्याआधी तो मोजणीच्या तक्त्यातून हटलेला असतो. वाहतूक नियोजनाची अवजारे अशा रीतीने घडली आहेत, की त्यांना तो दिसत नाही. दिसत नाही म्हणून त्याच्यासाठी तरतूद होत नाही, तरतूद नाही म्हणून तो कमी होतो, आणि कमी झाला हेच पुढे त्याच्याकडे पाठ फिरवण्याचे कारण होते. हे चक्र मोजणीपाशीच तोडावे लागेल. गोंदियासारख्या शहरात ते काम सोपे आहे, आणि तिथेच ते सर्वांत निकडीचेही आहे.

१. हे शहर कोण चालवते

गोंदिया हे रेल्वेने घडवलेले शहर. हावडा-मुंबई मार्गावरचे हे मोठे जंक्शन. इथून एक फाटा बालाघाटमार्गे जबलपूरकडे आणि दुसरा नागभीडमार्गे बल्लारशाहकडे जातो. भोवती धानाचा पट्टा आणि राईस मिल. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा जिल्हा झाला आणि जिल्ह्याची कार्यालये, रुग्णालये, महाविद्यालये इथे एकवटली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे १ लाख ३३ हजार होती, जिल्ह्याची १३ लाख २२ हजार. जिल्ह्यातले पाचातले चार जण खेड्यात राहतात, आणि त्यांतले पुष्कळ जण शिकायला, विकायला, राबायला शहरात येतात.

या शहराचा आकार लक्षात घ्या. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सायकलने अर्ध्या तासाच्या आत पोचता येते. कुडवा, फुलचूर, कटंगी ही शहराला चिकटलेली गावेही सायकलच्या टप्प्यात आहेत. मिलमधला हमाल, दुधाचे कॅन लावलेला गवळी, आमगाव किंवा सालेकशाहून लोकलने येणारी विद्यार्थिनी, रामनगरातून बाजाराला निघालेली गृहिणी, धुणीभांडी करायला चार घरे फिरणारी बाई. यांच्या बहुतेक फेऱ्या दोन-चार किलोमीटरच्या असतात. तरीही शहराच्या वाहतुकीचे चित्र रंगवताना आपण कुडवा नाक्यावरची कोंडी आणि जयस्तंभ चौकातली वाहनांची गर्दी एवढेच रंगवतो.

रेल्वेने घडवलेल्या शहराची रेल्वेने दोन भागांत वाटणीही केली. रुळांपलीकडे जायचे तर पूल, नाहीतर भुयारी वाट. विजेच्या तारांवरून पूल न्यायचा म्हणजे सात-आठ मीटर उंची चढावी लागते, आणि चढ सौम्य ठेवायचा म्हणून दोन्ही बाजूंचा उतार लांबत जातो. दुचाकीच्या इंजिनाला हा चढ जाणवतही नाही. कॅरिअरवर तांदळाचा कट्टा बांधून सायकल हाताने लोटत नेणाऱ्याला मात्र त्यातला प्रत्येक मीटर दंडात आणि पोटऱ्यांत भरतो. पुलाचा प्रस्ताव तयार होताना वाहनांचे वाचणारे इंधन आणि वाचणारी मिनिटे हिशेबात धरली जातात. त्या माणसाचा वाढलेला वेळ आणि वाढलेले कष्ट यांना त्या हिशेबात रकाना नसतो.

२. जनगणनेने विचारलेला प्रश्न

देशातले लोक कामावर कसे जातात, याचे सर्वांत व्यापक उत्तर २०११ च्या जनगणनेत सापडते. अंतर आणि प्रवासाचे साधन दोन्ही त्यात विचारले होते. त्या उत्तरांनुसार सुमारे २० कोटी कामकऱ्यांपैकी जवळपास २३ टक्के पायी आणि १३ टक्के सायकलने कामावर जात होते. मोटारीने जाणारे तीन टक्केही नव्हते. सुमारे तीस टक्क्यांना कामासाठी प्रवासच करावा लागत नव्हता. ते वगळले तर घराबाहेर कामाला जाणाऱ्यांत निम्मे लोक एकतर चालत होते किंवा पायंडल मारत होते. ‘उरलेत किती’ या प्रश्नाला एवढे उत्तरही पुरे आहे.

पण हा तक्ता कोणाचा होता, तेही पाहायला हवे. तो जनगणनेच्या भाषेत ‘इतर कामकरी’ या वर्गाचा होता. शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योगांतले लोक त्यात नव्हते. विद्यार्थी नव्हते. बाजार, दवाखाना, रेशन दुकान, अंगणवाडी, बँक यांसाठीच्या फेऱ्या नव्हत्या. ज्या जिल्ह्यात रोवणीला बायका पहाटे बांध्यांकडे चालत जातात, उन्हाळ्यात घरेच्या घरे तेंदूपत्ता तोडायला जंगलात उतरतात, आणि घराघरात विड्या वळल्या जातात, त्या जिल्ह्यातल्या बहुसंख्य कष्टकऱ्यांना हा प्रश्न लागूच नव्हता. म्हणजे जो आकडा आपल्याला मोठा वाटतो, तोही चालणाऱ्यांतल्या मोठ्या हिश्शाला वगळून आलेला आहे. आणि २०२१ ची जनगणना वेळेवर न झाल्याने आजही आपण त्याच जुन्या आकड्यावर बोलतो आहोत.

३. घरातल्या फॉर्मवर काय लिहिले जाते

जनगणनेच्या पलीकडचे साधन म्हणजे घरोघरचे प्रवास सर्वेक्षण. त्यात गळती कशी होते हे समजून घ्यायला फॉर्म भरताना जवळ बसावे लागते. प्रगणक विचारतो, ‘घरातले कोण कोण काल कुठे गेले?’ उत्तर देतो घरचा कर्ता पुरुष. तो स्वतःची मिलची फेरी सांगतो, मुलाच्या कॉलेजची सांगतो. बायकोबद्दल विचारले की म्हणतो, ‘ती घरीच असते.’ त्याच बायकोने सकाळी मुलीला शाळेपर्यंत पोचवले, येताना किराणा घेतला, दुपारी बचत गटाच्या बैठकीला गेली, संध्याकाळी सासूला इंजेक्शन द्यायला नेले. सगळे पायी. फॉर्मवर तिच्या नावापुढे शून्य पडते.

प्रश्न बदलला की उत्तर बदलते. ‘काल कामाला कसे गेलात’ असे न विचारता ‘काल सकाळी घराबाहेर पहिल्यांदा पाऊल टाकले ते कशासाठी, तिथून पुढे कुठे’ असे त्या बाईलाच विचारले, तर दिवसाची साखळी उलगडते. सर्वेक्षणशास्त्राचा हा साधा धडा आहे: छोट्या फेऱ्या लोक विसरतात, आणि दुसऱ्याच्या छोट्या फेऱ्या तर त्यांच्या लक्षातच आलेल्या नसतात.

दुसरी गळती ‘मुख्य साधन’ या रकान्यातली. आमगावची विद्यार्थिनी घरापासून स्टेशनपर्यंत चालते, लोकलने गोंदियाला येते, स्टेशनपासून महाविद्यालयापर्यंत पुन्हा चालते. फॉर्मवर एकच नोंद होते, रेल्वे. तिची चालण्याची वाट दिव्यांची आहे की अंधाराची, तिथे गटार उघडे आहे की झाकलेले, संध्याकाळी टवाळ पोरे कुठे उभी राहतात, यावर तिचे शिक्षण टिकणे अवलंबून असते. बसचा आणि रेल्वेचा प्रत्येक प्रवासी प्रवासाच्या दोन्ही टोकांना पादचारी असतो, हे त्या एका रकान्याने पुसून टाकले.

४. प्रारूपाची चाळणी

आता प्रारूपाकडे येऊ. शहरी वाहतुकीच्या प्रारूपांची मूळ चौकट १९५० च्या दशकात अमेरिकेत, डेट्रॉइट आणि शिकागोच्या अभ्यासांत घडली. ती चार पायऱ्यांची आहे: कोणत्या भागातून किती फेऱ्या निघतील, त्या कुठे जातील, कोणत्या साधनाने जातील, आणि कोणत्या रस्त्याने जातील. नवे महामार्ग कुठे आणि किती रुंद बांधायचे, या प्रश्नासाठी ही चौकट घडली, आणि त्या प्रश्नापुरती ती समर्थ होती. पुढे ती जगभर पसरली आणि जिथे प्रश्न वेगळे होते तिथेही तीच वापरली गेली.

या चौकटीत शहराचे विभाग पाडतात आणि एका विभागातून दुसऱ्यात जाणाऱ्या फेऱ्या रस्त्यांच्या जाळ्यावर टाकतात. विभागाच्या आतल्या आत संपणारी फेरी जाळ्यावर येतच नाही. ही चाळणी मोठ्या वाहनांना अडवते आणि पायी जाणाऱ्याला खाली सांडू देते, कारण त्याची फेरी नेमकी विभागाच्या आतच संपते. मुंबईसाठी योग्य ठरेल एवढ्या आकाराचा विभाग गोंदियावर ठेवला, तर रामनगर ते बाजार ही सगळी हालचाल नाहीशी होईल. शिवाय जाळ्यात फक्त मोठे रस्ते असतात. ज्या गल्लीबोळांतून, मैदानाच्या कडेने, रुळांलगतच्या पायवाटेने लोक प्रत्यक्षात जातात, त्या वाटा नकाशावर काढलेल्याच नसतात.

तिसऱ्या पायरीवरची अडचण अधिक खोल आहे. माणूस कोणते साधन निवडेल, याचे गणित डॅनियल मॅकफॅडन यांनी १९७० च्या दशकात भक्कम पायावर उभे केले. सॅन फ्रान्सिस्कोच्या नव्या रेल्वेने किती लोक कामावर जातील, याचा त्यांचा अंदाज ६.३ टक्क्यांचा होता; प्रत्यक्षात ६.२ टक्के गेले. जुन्या पद्धतीचा अधिकृत अंदाज १५ टक्क्यांचा होता. २००० साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. या गणितात माणूस वेळ आणि पैसा तोलतो. चालणाऱ्याला मात्र पैसा लागत नाही, आणि त्याच्या वेळेची किंमत नियोजनकार जवळजवळ शून्य धरतो. तो तोलतो ते सावली, चिखल, कुत्री, दिवे, मागून येणाऱ्या ट्रकचा हॉर्न, सोबत कोण आहे हे. हे घटक मोजता येतात. रस्त्याच्या दर शंभर मीटरला किती झाडे, किती दिवे, पदपथाची अखंड रुंदी किती, रस्ता ओलांडायला सरासरी किती सेकंद थांबावे लागते, हे नोंदवून प्रारूपात घालता येते. जगभरातले चालण्या-सायकलचे संशोधन गेली दोन-तीन दशके हेच करत आहे. आपल्याकडे ते होत नाही याचे कारण अवघडपणा नाही. कोणी सांगितलेले नाही, हे आहे.

५. वाहनाच्या मापाने मोजलेला माणूस

भारतीय रस्ते काँग्रेसने १९९० मध्ये शहरी रस्त्यांच्या क्षमतेची मार्गदर्शिका काढली. त्यात प्रत्येक वाहनाला मोटारीच्या तुलनेत एक अंक दिला आहे. मोटार १, दुचाकी ०.५ ते ०.७५, बस किंवा ट्रक २.२ ते ३.७, सायकल ०.४ ते ०.५, सायकलरिक्षा १.५ ते २, हातगाडी २ ते ३. रस्ता किती भरला हे या अंकांच्या बेरजेवरून ठरते.

या तक्त्यात पायी चालणाऱ्याला अंकच नाही. पन्नास माणसे घेऊन जाणारी बस एका माणसाच्या मोटारीच्या दुप्पट-तिप्पट ‘ओझे’ ठरते. हातगाडीवर भाजी विकून घर चालवणारा हा रस्त्यावरचा जवळजवळ सर्वांत जड अडथळा ठरतो. तक्ता करणाऱ्या अभियंत्यांचा हेतू वाईट नव्हता. वाहनांचा प्रवाह मोजायला हे माप ठीकच आहे. चूक होते ती त्या मापाने शहर मोजताना. रस्ता किती माणसांच्या कामी येतो हे विचारायचे सोडून रस्ता किती वाहने पुढे ढकलतो हे विचारले जाते. केंद्राच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहनांऐवजी माणसांना जागा देण्याचे तत्त्व स्पष्ट मांडले. तत्त्व धोरणात राहिले. चौकात बसून वाहने टिपणाऱ्या मुलाच्या हातातला कागद तोच राहिला.

त्या कागदावर कॅरिअरवर कट्टा बांधून सायकल लोटत जाणारा माणूस कुठे टिपायचा? तो सायकलवर बसलेला नाही म्हणून सायकलस्वार नव्हे. पादचाऱ्यांचा रकाना नाही. मालवाहतुकीत ट्रक आणि टेम्पो येतात. गोंदियाचा तांदूळ देशभर जातो, आणि त्याची अगदी पहिली किंवा अगदी शेवटची वाहतूक करणारा हा माणूस रकान्यांच्या मधल्या रेषेवर हरवतो.

६. रस्ता ओलांडण्याचे गणित

याहून जवळून पाहण्यासारखा एक निकष आहे. रस्त्यावर पादचाऱ्यांसाठी पट्टे कुठे आखावेत, यासाठी रस्ते काँग्रेसच्या १९८८ च्या मार्गदर्शिकेत सूत्र आहे. गर्दीच्या तासाला ओलांडणाऱ्या माणसांची संख्या घ्या, तिला वाहनांच्या संख्येच्या वर्गाने गुणा. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर गुणाकार दहा कोटींच्या वर गेला तर पट्टे समर्थनीय. दुभाजक असेल तर वीस कोटींच्या वर.

हे एका शाळेसमोर लावून पाहू. उदाहरणादाखल धरा, की शाळा सुटण्याच्या तासाला ३०० मुले रस्ता ओलांडतात आणि त्या तासात ४०० वाहने जातात. चारशेचा वर्ग १ लाख ६० हजार. त्याला तीनशेने गुणले की चार कोटी ऐंशी लाख. निकषाच्या निम्म्यालाही गणित पोचत नाही. तीनशे मुलांना पट्टे मिळत नाहीत. तिथेच वाहने हजार झाली, तर शंभराहून थोडी अधिक मुलेही पुरतात. माणसे दुप्पट झाली तर गुणाकार दुप्पट होतो, वाहने दुप्पट झाली तर चौपट. पादचाऱ्याचा हक्क त्याच्या स्वतःच्या संख्येपेक्षा वाहनांच्या संख्येवर अधिक अवलंबून ठेवला आहे. मार्गदर्शिकेत इतर वाटाही आहेत. त्यांतली एक म्हणजे त्या जागी वर्षभरात पाच किंवा अधिक पादचारी जखमी झाल्याची नोंद. पाच माणसांनी आधी रक्त सांडावे, मग पट्टे आखू, असा हा मार्ग मला अमानुष वाटतो.

पण सूत्रातला मुख्य दोष नैतिकतेच्या आधी शास्त्राचा आहे. मोजली जातात ती प्रत्यक्षात ओलांडणारी माणसे. ज्या आजीने भीतीपोटी पलीकडच्या मंदिरात जाणे सोडले, ज्या बापाने मुलीला एकटीने पाठवणे बंद करून दुचाकीवर सोडायला सुरुवात केली, ते या मोजणीत नाहीत. बापाची दुचाकी मात्र आहे, वाहनांच्या बाजूला. नदी किती जण पोहून जातात हे मोजून पुलाची गरज कोणी ठरवत नाही. रस्त्याच्या बाबतीत आपण नेमके तेच करतो.

७. दबलेली गरज आणि तिचा पुरावा

दबलेली गरज मोजता येते का? येते, आणि त्याचा उत्तम पुरावा बिहारमध्ये आहे. २००६ साली बिहार सरकारने नववीत जाणाऱ्या मुलींना सायकली देण्याची योजना सुरू केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी शेजारच्या झारखंडशी तुलना करून तिचा परिणाम तपासला. माध्यमिक शाळेत योग्य वयात दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढले होते आणि मुला-मुलींमधली दरी ४० टक्क्यांनी घटली होती. ज्या गावांपासून शाळा तीन किलोमीटरहून दूर होती, तिथे परिणाम अधिक होता. योजनेआधी कोणी त्या रस्त्यांवर सायकली मोजल्या असत्या, तर मुलींच्या सायकली नगण्य दिसल्या असत्या आणि ‘मागणी नाही’ असा अहवाल गेला असता.

महाराष्ट्रात मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना, शाळा पाच किलोमीटरच्या आत असेल तर, सायकली मिळतात. गोंदिया जिल्हा या कार्यक्रमात आहे. किती सायकली वाटल्या याची नोंद शासन ठेवते. त्या सायकली कोणत्या रस्त्याने जातात, त्या रस्त्यावर रेतीचे टिप्पर किती धावतात, आणि किती मुलींनी सायकल घरी उभी करून पुन्हा पायी यायला सुरुवात केली, हे विचारण्याची जबाबदारी कोणाचीच नाही. शिक्षण खाते सायकल देते, बांधकाम खाते रस्ता करते. त्या दोहोंमध्ये मुलगी एकटी असते.

इथे एक जुनी गोष्ट सांगायला हवी. रस्ते काँग्रेसने १९६२ मध्येच सायकलमार्गांचा निकष दिला होता: तासाला दोनशेहून अधिक मोटारवाहने जाणाऱ्या रस्त्यावर गर्दीच्या तासाला केवळ शंभर सायकली असल्या, तरी वेगळा सायकलमार्ग समर्थनीय आहे. हा निकष मनापासून लागू केला असता तर पूर्व विदर्भातल्या कितीतरी रस्त्यांना सायकलमार्ग मिळाले असते. तो लागू झाला नाही, कारण सायकली मोजून तो आकडा कोणी टेबलावर ठेवला नाही. हातात नियम असूनही आकड्याअभावी हक्क बुडाल्याचे याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

८. आक्षेप

‘सायकल संपतेच आहे, तिचे गणित कशाला?’ १९५० ते १९७० या काळात नेदरलँड्समध्येही सायकल अशीच ओसरत होती. १९७१ साली तिथे रस्त्यांवर चारशेहून अधिक मुले दगावली, पालक रस्त्यावर उतरले, पुढे १९७३ चे तेलसंकट आले, आणि धोरण बदलले. घसरण हा निसर्गनियम नव्हता. उलट उदाहरण घरचे आहे. पुणे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. ते दुचाकींचे झाले, आणि मग २०१७ मध्ये महापालिकेने आठशेहून अधिक किलोमीटरच्या जाळ्याचा सायकल आराखडा मंजूर केला. सायकल सोडलेल्या माणसाला पुन्हा सायकलवर आणणे फार कष्टाचे असते. गोंदियात ती अजून अंगणात उभी आहे. तिची मोजणी आताच करायला हवी.

‘मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, कोण चालणार?’ आक्षेप खरा आहे, पण तो चालणाऱ्यांविरुद्ध नाही, सावली तोडणाऱ्या रस्त्यांविरुद्ध आहे. ज्याच्याकडे दुसरे साधन नाही तो मे महिन्यातही चालतोच. रुंदीकरणात कडेची जुनी झाडे गेली की त्याच्या डोक्यावरचे छत जाते. म्हणून प्रारूपात सावली हा स्वतंत्र घटक हवा. झाड तोडण्याची किंमत पादचाऱ्याच्या हिशेबात मांडली गेली, तर रस्त्याची आखणी दोन मीटर सरकवणे स्वस्त ठरू शकते.

‘फेरीवाल्यांमुळे चालायला जागा नाही.’ गोरेलाल चौकासारख्या बाजारात हे दिसते. पण लोक तिथे चालत जातात ते त्या विक्रेत्यांकडेच. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने विक्रेत्यांचे सर्वेक्षण बंधनकारक केले आहे. ते आणि पादचाऱ्यांची मोजणी एकाच नकाशावर केली, तर कुठल्या तासाला कुठे खरोखर अडते ते दिसेल. माझा अंदाज असा, की उभ्या केलेल्या मोटारी आणि दुचाकींनी अडवलेली जागा त्या नकाशावर सर्वांत मोठी निघेल.

सर्वांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे: ‘प्रारूपे कशाला? माणसे चालतात हे उघड आहे, सरळ फुटपाथ बांधा.’ याच्याशी मी अर्धा सहमत आहे. शाळा, दवाखाना, बसस्थानक यांच्यासमोर सुरक्षित वाट देण्यासाठी कोणतेही प्रारूप लागत नाही. रस्ते काँग्रेसच्या २०१२ च्या पादचारी मार्गदर्शिकेतली किमान १.८ मीटरची मोकळी रुंदी हा पायाभूत हक्क मानावा, त्याला संख्येची अट लावू नये. पण सगळे रस्ते एका वर्षात होत नाहीत. कुठून सुरुवात करायची, पुलाला उतार कुठे द्यायचा, दुभाजकात वाट कुठे ठेवायची, हे ठरवताना ज्याच्याकडे आकडे असतात त्याचे ऐकले जाते. रुंदीकरणाचा प्रस्ताव जाडजूड तक्त्यांसह येतो. फुटपाथची मागणी निवेदनाच्या एका पानावर येते. त्या बैठकीत निवेदन हरते.

आणि रस्त्यावरच्या मृत्यूंचे काय? २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे गेली. त्यांतले सुमारे ३२ हजार ८०० पादचारी होते. आयआयटी दिल्लीतले दिनेश मोहन आणि गीतम तिवारी यांनी अनेक वर्षे दाखवून दिले, की पोलिसी नोंदींत पादचाऱ्यांचा वाटा प्रत्यक्षाहून कमी दिसतो. शिवाय मृत्यूंना भागायला खाली आकडा हवा: किती जण, किती किलोमीटर चालले? तो आकडा नसेल, तर एखाद्या रस्त्यावर मृत्यू कमी झाले म्हणजे रस्ता सुरक्षित झाला की लोकांनी तिथे चालणे सोडले, हे सांगताच येत नाही.

९. गोंदियात कधी आणि काय मोजावे

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ प्रमाणे विकास आराखडा करताना अस्तित्वातल्या जमीनवापराचा नकाशा आधी करावा लागतो. प्रत्येक भूखंडावर काय आहे ते रंगवले जाते. त्या भूखंडांमधून माणसे कशी ये-जा करतात, याचा तसाच नकाशा नगर परिषदेने स्वतःहून करावा. कायद्याची त्याला आडकाठी नाही. सल्लागार कंपनीचीही गरज नाही. शहरात तंत्रनिकेतन आहे, अभियांत्रिकीचे शिक्षण आहे, भूगोल आणि समाजशास्त्राचे विभाग आहेत. शाळांत वर्गशिक्षकाने ‘आज कोण कसे आले’ असे विचारून हात मोजले, तरी एका सकाळीत सगळ्या शहराच्या शाळकरी प्रवासाचा पहिला तक्ता तयार होतो.

मोजणीचा काळ मात्र इथला हवा. महानगरांच्या पद्धतीने कोणत्याही ‘सामान्य’ मंगळवारी मोजून चालणार नाही, कारण या जिल्ह्याचे वर्ष धानाच्या तालावर फिरते. जुलैतल्या रोवणीचा एक आठवडा, जेव्हा मजुरांची हालचाल शहराकडून गावांकडे उलटते आणि भुयारी वाटांत पाणी साचते. दिवाळीनंतर, जेव्हा धान विक्रीला येतो आणि गावोगावच्या मंडईच्या जत्रेला लोक रात्रभर ये-जा करतात. फेब्रुवारीत परीक्षांच्या तोंडावर. आणि मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात, पहाटे पाचपासून, कारण उन्हाळ्यात कष्टकरी शहर आठच्या आत अर्धे काम उरकते आणि दहाला सुरू होणारी मोजणी त्याला गाठूच शकत नाही.

जागा निवडताना चौकांइतकेच महत्त्व रुळांच्या दोन्ही बाजूंच्या वाटांना, कुडवा-फुलचूरकडून शहरात शिरणाऱ्या रस्त्यांना आणि स्टेशनच्या दारांना द्यावे. कुडवा, फुलचूर, कटंगी यांना मोजणीत आतच धरावे. नगर परिषदेची हद्द त्या सायकलस्वाराला ठाऊक नसते. तक्त्यात स्त्री, पुरुष, मूल, वृद्ध, ओझ्यासह, सायकल लोटत, डबलसीट असे रकाने असावेत. ओलांडणाऱ्यांबरोबर, ओलांडायला उभे राहून परत फिरणाऱ्यांचाही एक रकाना असावा. आणि घरोघरच्या फॉर्मवर ‘उत्तर कोणी दिले’ ही ओळ प्रत्येक व्यक्तीच्या नावापुढे असावी. नवऱ्याने बायकोच्या वतीने दिलेले उत्तर बाजूला काढून, ती घरी असेल त्या वेळी प्रगणकाने पुन्हा एकदा त्या दारात जावे.